झोपाळू पट्टा आणि दुसरा वरवंटा

आमच्या धाकट्या लेकीला, रेणुकाला, जुळं झालं ते दोन हजार एक्केचाळीस साल. संक्रांत होऊन पाचवा दिवस होता. पोरगा आणि पोरगी, दोघंही सातव्याच महिन्यात आली. दोघांचं मिळून वजन तीन किलोसुद्धा भरेना. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या पेट्यांत ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बारसं वगैरे सव्वा महिन्यानंतर बघा. बाईंनी आपलं साधं सांगितलं. आमच्या मालकांनी मात्र तिथंच, पेटीच्या काचेला नाक लावून, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "जमतंय."

"काय जमतंय?" मी विचारलं.

"दुसरा वरवंटा."

मी कपाळाला हात लावला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बारशाला पोराच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला कुंची घालायची, तीट लावायची, बायकांनी तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचा आणि मग पोराला निजवायचं. पोर वरवंट्यासारखं दणकट निघावं म्हणून. आता पाळणे दोन म्हणजे वरवंटे दोन, आणि घरात होता एक. मी म्हणाले, शेजारच्या शांतव्वाचा मागून आणू.

"वडाराच्या घरात मागून आणलेला वरवंटा?" मालक म्हणाले, आणि विषय संपला.

आमचे मालक यंकप्पा धोत्रे. पन्नास वर्षं दगड फोडला, पाटे-वरवंटे घडवले, गावोगाव जात्यांना टाकी लावली. त्या पन्नास वर्षांत जेवढी धूळ छातीत गेली ती तिथंच बसली. डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात, आमच्या वस्तीत खाणीचा दमा म्हणतात. फुफ्फुसं आतून कडक होत जातात. अंगणातून न्हाणीपर्यंत जायचं तर दोनदा टेकावं लागे. तशात आदल्या दिवाळीला आमच्या थोरल्या लेकीची पोरगी, प्रणाली, पुण्याहून पट्टा घेऊन आली.

पट्टा म्हणजे बरगड्यांभोवती बांधायचा चार बोटं रुंद कापडी पट्टा. त्याच्या आत विजेवर आखडणारे आणि सैल होणारे धागे आहेत. माणूस श्वास घ्यायला निघाला की पोटाचा स्नायू सगळ्यात आधी हलतो. ती हालचाल पट्ट्याला कळते आणि तो त्याच क्षणी बरगड्या बाहेर ओढतो. म्हणजे अर्धं ओझं पट्टा उचलतो. नाकात नळी नाही, सिलिंडर नाही. बॅटरी बिस्किटाएवढी, आणि एकदा भरली की तीन दिवस चालते. प्रणाली तो बनवणाऱ्या कंपनीतच कामाला. तिनंच आजोबाचं नाव कंपनीच्या तपासणीच्या यादीत घातलं होतं. पट्टा बांधला त्या दिवशी मालक एका दमात मारुतीच्या पारापर्यंत चालत गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "गंगव्वा, भाकर टाक." दोन वर्षांत मागून खाल्लेली ती पहिली भाकरी. हे मी मुद्दाम आधी लिहिते. पट्टा वाईट नव्हता.

तर वरवंटा. मालकांनी जुन्या खाणीच्या कडेचा एक काळा दगड निवडला, बिनभेगेचा. शांतव्वाच्या लेकाकडून तो अंगणात आणवला. डॉक्टरांनी दगडाच्या धुळीजवळ जायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि दगडावर तांब्यातून पाणी सोडत काम सुरू केलं. मी ओरडायचं तेवढं ओरडले. चौथ्या दिवशी, ऊन भिंतीवर आलं त्या वेळेला, हातोडा खाली पडल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघते तर हे दगडावर ओणवे. ओठ निळे. छाती एकीकडं जातेय आणि पट्टा दुसरीकडं. श्वास सोडायला बघतात तर पट्टा ओढतोय, घ्यायला बघतात तर पट्टा सैल. मी बक्कल ओढून पट्टा काढून फेकला तेव्हा कुठं त्यांना त्यांचा तुटका श्वास मिळाला.

मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. बाईचा आवाज होता, पण बाई नव्हती.

"नमस्कार गंगव्वाताई. आपल्या पट्ट्याच्या नोंदी मी तपासल्या आहेत. सर्व उत्तम आहे."

"उत्तम कसं? माणूस निळा झाला."

"आपली काळजी समजू शकते. मागच्या सात दिवसांत पट्ट्याला एकदाही उशीर झालेला नाही. आमच्या सेवेला आपण पाचपैकी किती तारे द्याल?"

मी जे दिलं ते तारे नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं, त्याच गोड आवाजात.

घरात वेगळीच तऱ्हा. मी छिन्नी आणि हातोडा ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवले. मालकांनी शोधले नाहीत. मागितलेही नाहीत. नुसतं बोलणं बंद केलं. तीन दिवस. जेवायला वाढलं तर जेवायचे, चहा दिला तर प्यायचे आणि बाजेवर बसून त्या अर्धवट दगडाकडं बघायचे. भांडणारा माणूस परवडला. चौथ्या दिवशी सकाळी मीच डबा काढला, छिन्नीचं पीठ झटकलं आणि त्यांच्यापुढं आपटली.

"मरा," मी म्हणाले. "पण मी जवळ बसणार."

"बस की. कुणी नको म्हटलं?" तीन दिवसांतलं पहिलं वाक्य.

त्यांच्या पाठीवर, पट्ट्याच्या वर, मी तळवा ठेवून बसले. तिथं हात असला की आत माणूस कधी श्वास घ्यायला निघाला तेही कळतं आणि पट्टा कधी ओढतो तेही कळतं. मालक नुसते बसले होते तेव्हा दोन्ही बरोबर. उठून घागरीपर्यंत गेले, बरोबर. काम सुरू केलं आणि थोड्या वेळानं उशीर. मी वही आणली. अठ्ठावन्नाव्या वर्षी वस्तीतल्या दुपारच्या वर्गात अक्षरं शिकले होते, तेव्हाची अर्धी कोरी वही होती. तीत लिहिलं: बसून, बरोबर. चालून, बरोबर. खोकून, बरोबर. चार घाव, उशीर. चार घाव, उशीर. चार घाव, लई उशीर, पट्टा सोडला.

चार घाव म्हणजे काय ते सांगते. आमच्या लोकांत काम शिकवताना बाप पोराला पहिल्यांदा हेच शिकवतो. श्वास घे, दम धर, चार घाव घाल, मग सोड. दम धरला की हात हलत नाही आणि उडालेली पूड नाकात जात नाही, असं जुनी माणसं सांगत. पुडीचं काही खरं नव्हतं, ती पाचव्या घावाला जायची. पण हात खरंच हलत नाही. मालक सात वर्षांचे असल्यापासून तसंच करत आले. सुईत दोरा ओवतानासुद्धा दम धरतात.

मी त्यांना म्हणाले, "दम न धरता मारा की."

"मारतो."

मारला. छिन्नी सरकली आणि वरवंट्याच्या टोकाचा टवका उडाला. माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच हातोडा मारला.

मी रोज दोनदा फोन करत राहिले, तेव्हा कंपनीनं एक माणूस पाठवला. संकेत बोंद्रे म्हणून, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट. त्यानं मालकांना बाजेवर बसवलं, पट्ट्याला एक तार लावली, हातातल्या पाटीवर आकडे बघितले.

"आजी, नोंदीत काहीच नाहीये. सगळ्यात जास्त उशीर दोन शतांश सेकंद. एकदम फर्स्ट क्लास."

"त्यांना बसवलंय कशाला? दगडावर घाव घालू दे, मग बघ."

"पट्टा घालून असली कामं करायची नसतात, आजी. पुस्तकात दिलेलं असतं."

मी आत जाऊन पुस्तक आणलं. "पान अकरा. वाच."

त्यानं वाचलं. "'रुग्णानं आपली नेहमीची कामं सुरू ठेवावीत.'"

"हे त्यांचं नेहमीचं काम हाय. पन्नास वर्षं."

तो हसला. हसला तेही ठीक; पण मी वही पुढं केली तर म्हणाला, "छान अक्षर आहे हां, आजी." अक्षर! बावीस पानं भरली होती, त्यातली एक ओळ त्यानं वाचली नाही. जाताना पुन्हा तारे विचारले.

मग मी प्रणालीला फोन केला. आधीच करायला हवा होता, पण तिच्या नोकरीच्या ठिकाणी आमची कटकट नको, असं मालकांचं म्हणणं. मी दोनच वाक्यं बोलले. "तुझा पट्टा तुझ्या आजोबाच्या छातीशी भांडतोय. बारशाला अकरा दिवस राहिलेत." ती पहिल्या गाडीनं आली.

आल्या आल्या तिनंही तार लावली, तिनंही आकडे बघितले. "अव्वा, नोंदीत तर—"

"नोंदी म्हणालीस तर चहा मिळणार नाय."

तिनं मग वही मागितली आणि अंगणात मांडी घालून पहिल्यापासून बाविसाव्या पानापर्यंत वाचली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"चार घाव म्हणजे किती वेळ दम धरतात, ताता?" तिनं आजोबाला विचारलं.

"मोजलं नाय कधी. चार घावांइतका."

तिनं मोजलं. आठ सेकंद, कधी नऊ.

त्यानंतर तिनं मला जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. पट्ट्यात नखाएवढा मेंदू आहे, त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याला कधी कुठलं काम द्यायचं आणि काम नसताना त्याचं काय करायचं हे ठरवणारा एक गाभ्याचा प्रोग्रॅम असतो, कर्नल. दोन श्वासांच्या मधे मेंदूला काम नसतं, पण नुसता जागा राहिला तरी तो बॅटरी खातो. म्हणून कर्नल त्याला झोपवतो. झोपेच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला त्याचे ठोके नुसते थांबवतात, हाक मारली की तो लगेच उठतो. पुढच्या प्रत्येक पायरीला त्याचा एकेक भाग बंद करत जातात. पाचव्या पायरीला वीजच तोडतात. या माणसाचा श्वास कसा चालतो याचा जो नकाशा मेंदूनं जवळ धरलेला असतो तोही दूरच्या कोठारात नेऊन ठेवतात. त्या झोपेत बॅटरी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. पण उठायचं तर वीज भरा, नकाशा आणा, पुन्हा मांडा. त्यात वेळ जातो, आणि एवढ्या उठाठेवीला वीजही लागते. म्हणून थोडक्या वेळासाठी खोल झोप परवडत नाही.

"म्हणजे खाणीतल्यासारखं," मी म्हणाले. "ट्रक पाच मिनिटांत येणार असला तर घण हातात धरूनच टेकायचं. तासाभरानं येणार असला तर हत्यारं पिशवीत घालून सावलीला आडवं व्हायचं. पण ट्रक कधी येणार ते सांगायचं कुणी?"

"कर्नलमधलाच एक मुकादम अंदाज करतो असं समज. मागचे आठ ट्रक किती किती वेळानं आले ते बघतो आणि नववा कधी येईल ते ठरवतो. त्यावरून कुठली झोप ते ठरतं."

"आणि आठही ट्रक लांबले की?"

"की तो म्हणतो, नववाही लांबणार. आणि देतो पाचवी झोप." तिनं आजोबाकडं बघितलं. "ताता दम धरून धरून काम करतात. मुकादमाला वाटतं हा माणूस आठ-नऊ सेकंदांनीच श्वास घेतो. मग ताता थांबतात, दम सोडतात, आता त्यांना भराभर श्वास पाहिजेत. तेव्हा हा पाचव्या पायरीवर झोपलेला. उठून ओढेपर्यंत ताता श्वास सोडायला लागलेले असतात."

"हा मुकादम बसवला कुणी?"

ती अंगणातल्या दगडावरचं पाणी बोटानं पुसत राहिली.

"प्रणाली?"

"मी, अव्वा. आधी बॅटरी नऊ तास चालायची. मी हा अंदाज बसवला आणि ती तीन दिवसांवर गेली. त्याच्यासाठी मला कंपनीनं सगळ्यांसमोर शाल घातली. फोटो पाठवला होता ना तुला?"

फोटो भिंतीवरच होता, देव्हाऱ्याच्या शेजारी. मी उठले, काढला आणि उलटा करून ठेवला. आज वाटतं, तसं करायला नको होतं. पण त्या क्षणी मी इतकी वैतागले होते की तिलासुद्धा पिठाच्या डब्यात घातली असती.

"चार हजार तीनशे माणसांवर तपासलाय तो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"ती माणसं कुठं होती?"

"दवाखान्यात."

"आडवी?"

"आडवी. नाहीतर खुर्चीत."

मालक इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "पोरी, तुझा मुकादम हुशार हाय. फक्त खाणीत उतरलेला नाय. त्याला एकदा घेऊन ये."

कोडं एकच राहिलं. पट्टा अर्धा सेकंद उशिरा उठतो हे माझ्या तळव्याला कळत होतं, तर नोंदीत दोन शतांश कसे? प्रणालीनं मोबाईल विटांवर टेकवून उभा केला, आजोबाला उघडं बसवलं आणि अगदी संथ चालणारं चित्रण केलं. पट्टा ओढतो तेव्हा त्यावरचा हिरवा दिवा लागतो. "घाव घाला, ताता. चार." यंकप्पांनी चार घातले. "पुन्हा." पुन्हा चार. दर थोड्या वेळानं विश्रांती, मग पुन्हा. मी तळवा पाठीवरून काढला नाही, आणि लक्षात आलं की पोरगीसुद्धा प्रत्येक चार घावांना दम धरून बसतेय.

मग तिनं चित्र लावलं. पोट हललं. दिवा नाही. छाती वर आली. दिवा नाही. छाती खाली जायला लागली आणि दिवा लागला.

"बेचाळीस शतांश," ती म्हणाली. तिनं तेच चित्र पुन्हा बघितलं, नोंदीतली तीच वेळ बघितली आणि डोक्याला हात लावला. "घड्याळ, अव्वा! पाचव्या पायरीवर पट्ट्याचं आतलं घड्याळही बंद पडतं. तो उठल्यावर, घड्याळ सुरू झाल्यावर मोजायला लागतो. उठायला लागलेला वेळ त्याच्या हिशेबात येतच नाही."

"म्हणजे झोपलेल्यालाच विचारायचं, तू किती वेळ झोपला होतास?"

"हो."

"आणि तो म्हणणार, झोपलोच नव्हतो."

"हो, अव्वा. आणि आम्ही सगळे त्याचंच ऐकत होतो."

मी संकेत बोंद्रेचा निळा शर्ट आठवला आणि मनातल्या मनात तारे मोजले.

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या चुलीशेजारी बसून कंपनीशी बोलणं केलं. पडद्यावर तिचे वरचे साहेब होते, महाजन म्हणून. तिनं चित्र दाखवलं, वहीची पानं एकेक करून दाखवली. साहेब सभ्य माणूस. म्हणाले, शाब्बास, चांगलं शोधलंस, प्रस्ताव पाठव, समिती बसेल, तीन महिन्यांत निर्णय होईल. तोवर रुग्णाला असली कामं करू देऊ नका.

"सर, एका ओळीचं काम आहे," प्रणाली म्हणाली. "श्वासाच्या प्रोग्रॅमनं कर्नलला सांगायचं की जागं व्हायला दोन शतांशापेक्षा जास्त वेळ घेणारी झोप या माणसाला चालणार नाही. मग मुकादमाला काहीही अंदाज करू दे, तो त्याच्या खाली उतरूच शकत नाही. ही सोय कर्नलमध्ये आधीपासून आहे. आम्ही वापरली नाही, एवढंच. मी वापरली नाही."

"आणि बॅटरी?"

"नऊ तास."

"डब्यावर तीन दिवस छापलंय, प्रणाली."

मला राहवलं नाही. मी पडद्यापुढं गेले. "साहेब, डब्याला श्वास लागत नाय."

ते बिचारे 'आजी, आजी' करत राहिले. पण तीन महिन्यांवरून अडीचवरसुद्धा आले नाहीत.

बोलणं संपलं आणि प्रणालीनं पडदा बंद केला. मग म्हणाली, "ताता तपासणीच्या यादीत आहेत. तपासणीच्या पट्ट्यावर मला बदल करता येतो. नियमात बसतं की नाही, ते मला नक्की सांगता येत नाही. नोकरीचं काहीही होऊ शकतं."

"मग नको," मालक लगेच म्हणाले. "मी एक हातोडा ठेवतो खाली, झालं. वरवंटा मागून आणा शांतव्वाचा."

वडाराच्या घरात मागून आणलेला वरवंटा! ज्या माणसानं माझ्याशी तीन दिवस अबोला धरला, तो नातीसाठी एका वाक्यात खाली आला. मला रागही आला आणि आणखीही काहीतरी आलं.

"मागून आणायचा नाही," प्रणाली म्हणाली. तिनं तार लावली आणि ती ओळ लिहिली. लिहायला तिला चहा गार होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. एवढ्याशा ओळीपायी मी बावीस पानं आणि दोन आठवडे घालवले होते. नंतर तिनं साहेबांना स्वतःच कळवलं की मी असं असं केलंय आणि रोजचं चित्रण पाठवत राहीन.

पट्टा सुधारला. माझा वैताग संपला नाही, फक्त बदलला. नऊ तासांची बॅटरी म्हणजे रोज भरणं आलं आणि आमच्या वस्तीतली वीज तिच्या मनाप्रमाणं येते. मालक भिंतीजवळ तारेला बांधलेले बसत आणि म्हणत, "दावणीला बांधलंस मला." मी म्हणे, "बैल गप्प तरी बसतो." पण काम सुरू झालं. चार घाव, दम सोडायचा, आणि तळव्याखाली पट्टा बरोबर त्यांच्याबरोबर. एकदाही मागं नाही. मी वहीत लिहीत गेले: चार घाव, बरोबर. चार घाव, बरोबर. तीन पानांनंतर लिहिणं सोडलं, पण हात ठेवत राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात मी त्यांच्या पाठीवर एवढा वेळ हात ठेवून कधी बसले नव्हते.

वरवंटा बारशाच्या आदल्या दिवशी झाला. टवका उडालेलं टोक त्यांनी घासून गोल केलं, त्यामुळं तो पहिल्यापेक्षा बोटभर आखूड. पंचवीस फेब्रुवारीला अंगणात दोन पाळणे टांगले. दोन वरवंट्यांना दोन कुंच्या. शांतव्वानं आखूड वरवंटा हातात घेऊन विचारलं, "हा कुणाचा गं? पोराचा की पोरीचा?"

"पोरीचा," मालक बाजेवरून म्हणाले. "दगड तोच हाय. जरा लवकर आलाय, एवढंच."

नावं ठेवली इंद्रजित आणि इरावती. प्रणालीचा फोटो मी त्याच दिवशी सरळ केला. तिची नोकरी गेली नाही. एक लेखी ताकीद मिळाली, ती तिनं फ्रेम करून माझ्याकडं पाठवली. ती शालीच्या फोटोशेजारी लावलीय. मे महिन्यात चार हजार तीनशे पट्ट्यांना ती ओळ गेली आणि नव्या डब्यावर नऊ तास छापलं. उठण्याची वेळ मोजायला आता पट्ट्यात एक वेगळं, कधीच न झोपणारं घड्याळ आहे, असंही ती म्हणाली.

पट्टा छाती ओढू शकतो. आतला दगड तो काढू शकत नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आम्हालाही माहीत होतं. जूनमध्ये मालकांचं बोलणं कमी झालं, मग जेवण. त्या दिवशी सकाळी सगळे जवळ होते. रेणुका पोरांना घेऊन आली होती. प्रणाली पायाशी बसली होती. माझा हात पाठीवर होता. तळव्याखाली पोट हललं, पट्ट्यानं ओढलं, बरोबर. सोडलं. मग हललं नाही. पट्ट्यानं शिटी वाजवली. प्रणालीनं ती बंद केली.

पट्टा मी सोडला आणि कोनाड्यात कुंकवाच्या करंड्याला टेकून ठेवला. नंतर सगळं आटोपून माणसं अंगणात बसली तेव्हा मी आत गेले, तर त्याचा हिरवा दिवा मधूनच लुकलुकत होता. त्या करंड्याला पोट समजून तो चाचपत होता की काय कोण जाणे. पुढचा श्वास येईल म्हणून तयारीत होता. ज्याला झोपतो म्हणून मी एवढ्या शिव्या घातल्या, त्याला म्हटलं, झोप की आता. झोपेना. खोल झोपायचं नाही असं त्याला लिहून दिलं होतं. बॅटरी संपेपर्यंत, दुपार कलेपर्यंत, तो जागाच राहिला. मी त्याच्यापाशी बसले.

यंकप्पा धोत्रे, वय एकाहत्तर, एकोणीस जून दोन हजार एक्केचाळीस, बुधवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वारले.